डी-मार्टची स्वस्ताई येते कुठून?

साखरेच्या पोत्यामागे किती सुटतात, हे मला चौथीत असताना तोंडपाठ होतं. कराडला आमचं किराणा दुकान. नाना गल्ल्यावर बसायचे आणि शाळा सुटली की मी आत पुड्या बांधायला. साखर, तूरडाळ, गोडं तेल या मालात फारसं काही सुटत नसे. पण तो नसेल तर गिऱ्हाईक दुकानाची पायरीच चढणार नाही, म्हणून ठेवावा लागे. खरे पैसे सुटायचे ते अगरबत्ती, कंगवे, खराटे, फिनेल असल्या बारीकसारीक मालावर. किराणा धंद्याचं हे पहिलं गणित.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो आणि पहिल्यांदा डी-मार्टमध्ये गेलो. छापील किमतीशेजारी लावलेला भाव वाचून चक्रावलो. काही साबणांचा आणि चहाच्या पुड्यांचा भाव नानांना एजन्सीवाला ज्या भावात माल द्यायचा, त्याहूनही खाली होता. नानांना फोनवर सांगितलं, तर त्यांना ते खरंच वाटेना. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. कंपनी शेअर बाजारात आल्यावर तिचे हिशेब सगळ्यांना वाचायला मिळू लागले, आणि दरवर्षी ते वाचत गेलो. जे उमगलं ते दुकानदाराच्या भाषेत सांगतो, कारण गणित शेवटी दुकानदारीचंच आहे.

डी-मार्ट हे दुकानाचं नाव. कंपनीचं नाव अव्हेन्यू सुपरमार्ट्स, स्थापना २००० सालची, मुंबईची. संस्थापक राधाकिशन दमाणी त्याआधी शेअर बाजारातले नावाजलेले गुंतवणूकदार होते. पण त्यांनी किराणा धंदा शिकला तो दुसऱ्याच्या पाटीखाली. १९९९ मध्ये नवी मुंबईत नेरुळला त्यांनी ‘अपना बाजार’ची एक शाखा फ्रँचायझी म्हणून चालवायला घेतली होती. हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. अपना बाजार ही गिरणगावातली सहकारी संस्था. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी एकत्र येऊन ती उभी केली, महिन्याचं वाणसामान वाजवी भावात मिळावं म्हणून. चांगला माल, वाजवी भाव आणि नोकरदार कुटुंबाची महिन्याची यादी हे सूत्र मुंबईत असं आधीपासून रुजलेलं होतं. दमाणींना त्या शाखेच्या कारभाराची पद्धत पटली नाही, पण गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय हवं आहे हे तिथे दिसलं. २००२ मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान उघडलं.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं मात्र फारसं काही घडलंच नाही असं बाहेरून वाटावं. २०१० च्या आसपास दुकानांची संख्या जेमतेम पंचवीस. तो काळ आठवून पाहा. २००१ मध्ये बिग बझार सुरू झालं होतं आणि शहरामागून शहर घेत होतं. चेन्नईच्या ‘सुभिक्षा’ने तर पाहता पाहता देशभर सुमारे १,६०० दुकानं थाटली. २००६ पासून रिलायन्सही किराण्यात उतरली. या सगळ्यांपुढे मुंबई-ठाण्याच्या परिसरात आणि गुजरातेत एकेक दुकान काढणारी ही कंपनी किरकोळ वाटत होती. २००९ च्या सुरुवातीला सुभिक्षाची दुकानं धडाधड बंद पडली. गिऱ्हाईक होतं, दुकानं होती, पण माल भरायला आणि पगार द्यायला रोकड उरली नव्हती. नानांनी ती बातमी वाचून एवढंच विचारलं होतं, “विस्तार उसन्या पैशावर केला होता काय रे?”

आता हिशेबाकडे येऊ. डी-मार्टमध्ये तुमचं १०० रुपयांचं बिल झालं, तर त्यातले साधारण ८५ रुपये मालाच्या खरेदीत जातात. हातात राहिले १५. त्यातून कर्मचाऱ्यांवर दोनेक रुपये, वीज, वाहतूक, कंत्राटी मनुष्यबळ, देखभाल अशा बाकीच्या खर्चावर पाचेक. उरले आठ. इमारती आणि यंत्रांची झीज, कर वगैरे वजा जाता शेवटी सुमारे पाच रुपये कंपनीच्या पदरात पडतात. २०२३-२४ मध्ये कंपनीची एकूण विक्री ५० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली आणि निव्वळ नफा अडीच हजार कोटींच्या आसपास होता. म्हणजे तेच शंभराला पाच.

यातला १५ हा आकडा नीट पाहा. नानांना सगळा माल मिळून सरासरी शंभराला दहा-बारा रुपये सुटायचे. छापील किमतीपेक्षा कमी भावात विकूनही डी-मार्टला त्याहून जास्त सुटतात! म्हणजे भाव कमी ठेवायला ते स्वतःच्या कमाईला कात्री लावत नाहीत. ते मुळात खरेदीच स्वस्त करतात. सगळा प्रश्न तिथेच आहे: कुणी त्यांना स्वस्त का द्यावं?

मोठी ऑर्डर, मधला एजन्सीवाला नाही, थेट कंपनीकडून माल, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत आणि ती खरीही आहेत. पण मोठी ऑर्डर बिग बझारचीही होती. फरक पडतो तो पैसे चुकते करण्याच्या वेळेत. किरकोळ धंद्यातल्या बहुतेक बड्या कंपन्या जगभर एकच युक्ती वापरतात. माल आज उचलायचा, पुरवठादाराला पैसे दीड-दोन महिन्यांनी द्यायचे, मधल्या काळात माल विकून आलेली रोकड स्वतः वापरायची. डी-मार्टने नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या ताळेबंदातून हिशेब काढला तर पुरवठादारांचे पैसे सरासरी आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत चुकते होतात असं दिसतं.

याचा पुरवठादाराला काय फायदा? समजा, एखादा मसालेवाला बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज काढून धंदा करतो. म्हणजे महिन्याला एक टक्का. इतर दुकानदार त्याचे पैसे दोन महिन्यांनी देतात आणि डी-मार्ट आठ-दहा दिवसांत देतं. त्याचं जवळजवळ दीड-पावणेदोन टक्के व्याज वाचलं. शिवाय वसुलीसाठी माणूस पाठवायचा नाही, बुडीत खात्याची भीती नाही. या बचतीतला मोठा वाटा तो खुशीने भावात सोडतो. शंभराला पाच रुपये निव्वळ उरणाऱ्या धंद्यात दीड रुपया ही केवढी रक्कम झाली! आमच्या मार्केट यार्डात ‘रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा’ हे पोरासोरांनाही कळतं. डी-मार्टने तेच तत्त्व हजारो कोटींच्या खरेदीला लावलं.

पण रोखीने खरेदी करायची तर आधी जवळ रोकड हवी, आणि ती मालात अडकून पडता कामा नये. इथे दुसरं गणित येतं, माल फिरण्याचं. समजा, तुमच्या दुकानात एक लाखाचा माल आहे. त्यावर १५ टक्के सुटतात, पण तो वर्षातून चारच वेळा पूर्ण विकला जातो. वर्षाची कमाई ६० हजार. शेजाऱ्याकडेही लाखाचाच माल, त्याला आठच टक्के सुटतात, पण माल वर्षातून बारा वेळा फिरतो. त्याची कमाई ९६ हजार. कमी भाव लावणारा शेजारी जास्त कमावतो. डी-मार्टमधला माल सरासरी महिनाभरात फिरतो, म्हणजे वर्षातून साधारण बारा वेळा. त्यात तांदूळ-डाळी अर्थातच झपाट्याने जातात आणि बादल्या-पातेली सावकाश.

माल लवकर फिरावा म्हणून ते दुकानात काय ठेवायचं नाही हे आधी ठरवतात. टूथपेस्टचे पंधरा ब्रँड तिथे सापडणार नाहीत. जे खपतं तेच, पण भरपूर. ताज्या भाजीपाल्यावर भर नाही, कारण तो सडतो आणि घट येते. डाळी, कडधान्यं, मसाले, सुकामेवा सुटा घेऊन स्वतःच्या पॅकिंग केंद्रांत पिशव्यांत भरला जातो, त्यासाठी कंपनीने अलाइन रिटेल ट्रेड्स नावाची उपकंपनीच काढली आहे. फडताळांची सजावट साधी, जाहिरात नावापुरती. दिवाळीला महासेल आणि एरवी चढे भाव असलाही प्रकार नाही. भाव बाराही महिने कमीच ठेवायचे, म्हणजे गिऱ्हाईक सेलची वाट पाहत बसत नाही आणि मालाची मागणी सारखी राहते. ट्रक किती येणार, माणसं किती लागणार याचा अंदाज चुकत नाही. स्वस्त भावामुळे खर्च कमी आणि खर्च कमी म्हणून भाव स्वस्त, असं ते चक्र आहे.

आणि अगरबत्ती-खराट्याचं नानांचं गणित? तेही तिथे आहेच. बऱ्याच दुकानांत किराणा घेऊन झाला की तुम्ही वरच्या मजल्यावर जाता: मुलांचे टी-शर्ट, चादरी, स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या टोपल्या. आईला तिथून बाहेर काढायला मला कायम अर्धा तास लागतो. डाळ-तेलापेक्षा या मालात बरंच जास्त सुटतं. कोविडपूर्वी एकूण विक्रीत या मालाचा वाटा २७-२८ टक्के होता, नंतर तो २२-२३ टक्क्यांवर घसरला, आणि कंपनीच्या नफ्याची चर्चा निघाली की जाणकार आधी हाच आकडा पाहतात. खालच्या मजल्यावरची तूरडाळ गिऱ्हाईक आणते, वरच्या मजल्यावरची चादर पैसे मिळवून देते.

आता जागेबद्दल. माझ्या मते डी-मार्टचं खरं वेगळेपण इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

किराणा दुकानदाराला विचारा, सर्वांत मोठा खर्च कोणता. मालाखालोखाल तो भाडंच सांगेल. आमचं दुकान आजोबांनी बांधलेल्या घराच्या पुढच्या खोलीत होतं, म्हणूनच ते तीन पिढ्या टिकलं. त्याच पेठेत भाड्याच्या गाळ्यात सुरू झालेली दुकानं करार संपला की पाटी उतरवायची. डी-मार्टने सुरुवातीपासून शक्य तिथे जागा विकतच घेतली, नाहीतर तीस वर्षांच्या आसपासच्या दीर्घ कराराने. मॉलमध्ये गाळा घ्यायचा नाही. शहराच्या वाढत्या उपनगरात, जिथे नव्या सोसायट्या उभ्या राहताहेत, तिथे प्लॉट घेऊन स्वतःची इमारत बांधायची. समजा, भाड्याने चालणाऱ्या दुकानाला विक्रीतल्या शंभर रुपयांतले चार-पाच रुपये भाड्यात द्यावे लागतात. म्हणजे डी-मार्टचा सगळा निव्वळ नफा जेवढा, तेवढी रक्कम घरमालकाकडे जाते. शिवाय भाडं वाढत जातं, आणि दुकान चांगलं चाललं की जास्तच वाढतं.

अर्थात जमीन विकत घ्यायला आधी प्रचंड पैसा लागतो आणि तो वर्षानुवर्षं अडकून राहतो. म्हणूनच पहिल्या दशकात वाढ इतकी संथ होती. घाईत असलेल्या माणसाचा हा धंदाच नव्हे. दमाणींकडे शेअर बाजारातून कमावलेलं स्वतःचं भांडवल होतं, ते वाट पाहू शकत होते. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं, आणि हे सगळ्यांना जमणारं नाही हेही मान्य करायला हवं.

मार्च २०१७ मध्ये कंपनीने शेअर विक्रीला काढले, २९९ रुपयांना एक, एकूण १,८७० कोटी रुपयांचे. शंभरपटीहून जास्त मागणी आली आणि २१ मार्चला बाजारात पहिलाच भाव ६०४ रुपयांवर निघाला. तोवर दुकानं होती सुमारे १३०. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांना शेअर विकून आणखी ४,०९८ कोटी उभे केले. आता वेग वाढला. मार्च २०२० ला २१४ दुकानं, मार्च २०२४ ला ३६५, मार्च २०२५ ला ४१५. यातही एक शिस्त आहे. देशभर ठिपके टाकत सुटायचं नाही, एका भागात दुकानांचा पुंजका उभा करायचा, म्हणजे एकाच गोदामातून सगळीकडे माल पोचतो. आधी महाराष्ट्र आणि गुजरात, मग तेलंगण, आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, नंतर तामिळनाडू, राजस्थान, पंजाब. आजही सर्वाधिक दुकानं महाराष्ट्रातच आहेत.

जागेच्या धोरणाची परीक्षा कोविडने घेतली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत कित्येक दुकानं अर्धवेळ बंद होती, कपडे-भांडी विकायला बंदी होती. नफा आदल्या वर्षीच्या ३२३ कोटींवरून ४० कोटींवर आला. मोठी आपटी होती, पण तोटा नव्हता. त्याच संकटात बिग बझारची मालक कंपनी भाडी थकवून बसली. २०२२ च्या फेब्रुवारीत तिच्या कित्येक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सच्या ताब्यात गेले, आणि वीस वर्षं उभी असलेली पाटी उतरली. दोघांकडेही तेच साबण, तेच तेल होतं. पायाखालची जमीन कुणाची, एवढाच प्रश्न होता.

आता डी-मार्टच्या स्वस्ताईची जी बाजू कौतुकाच्या लेखांत येत नाही, ती सांगितली पाहिजे. तिथे काम करणाऱ्यांत कायम कर्मचाऱ्यांपेक्षा कंत्राटी माणसांची संख्या कितीतरी जास्त आहे. दिवसभर उभं राहून फडताळं भरणाऱ्या, बिलं करणाऱ्या मुली-मुलांच्या पगारातली काटकसर हासुद्धा त्या कमी भावाचा एक हिस्सा आहे. किरकोळ क्षेत्रात हे सर्रास चालतं, पण सर्रास चालतं म्हणून ते योग्य ठरत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. या स्वस्ताईचा फायदा कुणाला होतो? ज्याच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच हजार रुपये एकरकमी आहेत, पाच लिटरचा तेलाचा डबा आणायला गाडी आहे आणि ठेवायला घरात जागा आहे, त्याला. आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तेल पाव किलोने घेतात, तेही बऱ्याचदा खात्यावर मांडून. त्यांना दर किलोमागे आपल्यापेक्षा जास्त पैसे पडतात. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना लुटतो म्हणून नव्हे. तो स्वतः एजन्सीच्या भावात माल घेतो, दोन महिने उधारी सांभाळतो, त्यातली काही बुडते, आणि या सगळ्याचा खर्च त्या पाव किलोत येतो. उधारी ही त्याने दिलेली सेवा आहे, विनाव्याजाचं छोटं कर्ज आहे. डी-मार्टला रोखीचा भाव मिळतो, आपल्याला रोखीचा भाव मिळतो, आणि ज्यांच्याकडे रोख नाही त्यांच्या वाट्याला उधारीचा भाव येतो.

गेल्या काही वर्षांत मात्र डी-मार्टपुढेही नवं कोडं उभं राहिलं आहे. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्या आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाहीचे निकाल सांगताना कंपनीनेच मान्य केलं की मोठ्या महानगरांतल्या, तुफान गर्दीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे. त्यानंतर बाजार उघडला त्या दिवशी शेअर आठ टक्क्यांच्या आसपास घसरला.

स्वतः कंपनीनेही ‘डी-मार्ट रेडी’ नावाने ऑनलाइन विक्री २०१६-१७ पासून मुंबईत सुरू केली आहे. पण इथे सगळं गणित उलटं फिरतं. दुकानात आपण काय करतो पाहा: स्वतः गाडी काढून जातो, फडताळातून माल स्वतः काढतो, ढकलगाडी ढकलतो, रांगेत उभे राहतो, पिशव्या उचलून घरी आणतो. हे सगळं काम गिऱ्हाईक फुकट करतं, म्हणून शंभरातल्या १५ रुपयांत भागतं. घरपोच द्यायचं तर यातलं प्रत्येक काम पगारी माणसाने करायचं. ६०० रुपयांच्या ऑर्डरवर सुटणार ९० रुपये. त्यात माल काढणाऱ्याचा, पिशवी भरणाऱ्याचा, दारात आणणाऱ्याचा पैसा बसवून दाखवा! म्हणूनच ही शाखा अजून तोट्यात आहे आणि कंपनी ती जपून वाढवते. २००४ मध्ये कंपनीत आलेले मुख्य कार्यकारी अधिकारी नेव्हिल नोरोन्हा यांच्या जागी अंशुल असावा येणार, हे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यांच्यापुढचं मोठं काम बहुधा हेच असेल.

नाना आता दुकानात बसत नाहीत, धाकटा भाऊ बघतो. गेल्या दिवाळीत त्याच्याकडे गेलो तेव्हा मागच्या खोलीत ओळखीच्या पिशव्या दिसल्या. धुण्याची पावडर आणि काही बिस्किटं तो आता डी-मार्टमधूनच आणतो, एजन्सीपेक्षा तिथे दोन-तीन रुपये कमी पडतात म्हणून. एका गिऱ्हाइकाला ठराविकच नग मिळतात, तेव्हा वहिनीलाही सोबत नेतो आणि दोघं वेगवेगळ्या रांगेत उभे राहतात. साखर, डाळी मात्र अजून मार्केट यार्डातूनच येतात. गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची वही होती. महिन्याची वीस तारीख उलटून गेली होती, आणि त्या दुपारी आलेल्या सात गिऱ्हाइकांपैकी पाचांनी सामान खात्यावर मांडायला सांगितलं.